सल्ला देणाऱ्याला पैसे कोण देतं?

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून निघालेला आहे. "चार पैसे हातात आलेत, कुठे ठेवू?" हा प्रश्न गटांच्या बैठकीत नेहमीचाच. पण अलीकडे त्याच्या मागोमाग दुसरा येतो: "विचारायचं तरी कोणाला? ज्याला विचारावं तो काहीतरी गळ्यात मारतो." पहिल्या प्रश्नाचं उत्तर रेडिओवरून देता येणार नाही. प्रत्येकीचं घर वेगळं, कर्ज वेगळं, मुलांची वयं वेगळी. दुसऱ्याचं उत्तर मात्र सगळ्यांना सारखंच लागू आहे, म्हणून आज तेवढंच घेऊ.

समजा, रस्त्याच्या कामात एखाद्या घरची एकरभर जमीन गेली आणि बाईच्या नावावर १२ लाख रुपये जमा झाले. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत अशी घरं पुष्कळ झाली. पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात घरी माणसं यायला लागतात. नवऱ्याचा मित्र विम्याचं काम करतो, तो येतो. जाऊबाईंचा भाऊ एका पतसंस्थेसाठी ठेवी गोळा करतो, तो येतो. बँकेत पासबुक भरायला गेलं तर साहेब आत बोलावतात, खुर्ची देतात, चहा मागवतात. एरवी खिडकीवर तासभर उभं राहावं लागतं, त्याच बँकेत. सगळे गोड बोलतात, सगळे म्हणतात, "वहिनी, तुमच्या भल्याचं सांगतो."

यातला कोणी खोटा असेलच असं नाही. पण या तिघांपैकी एकालाही ती बाई पैसे देणार नाही, आणि तरी तिघांचीही कमाई होणार आहे. मग ती कोण देणार? विमा कंपनी, पतसंस्था, बँक. विमा काढला की एजंटाला हप्त्यातून कमिशन मिळतं, आणि बचतीच्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला वाटा मोठा असतो. बँक स्वतःच विमा कंपनीची एजंट असते आणि शाखेला वर्षभरात इतका विमा खपवा असं लक्ष्य दिलेलं असतं. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला आपले पैसे फंडात राहतील तोवर दर वर्षी थोडं थोडं कमिशन मिळत राहतं, शेअरच्या फंडात साधारण अर्धा ते एक टक्का. ५ लाख ठेवले तर वर्षाला अडीच ते पाच हजार. ते आपल्या खात्यातून वेगळे कापलेले दिसत नाहीत, फंडाच्या खर्चात मिसळलेले असतात, म्हणून आपल्याला वाटतं सल्ला फुकट मिळाला.

कमिशन घेणं गुन्हा नाही, हेही सांगून ठेवते. आपल्या गटांतल्या काही जणी पोस्टाच्या आरडीच्या एजंट आहेत. त्यांना सरकार कमिशन देतं, आणि त्यांच्यामार्फत भरले काय नि खिडकीवर जाऊन भरले काय, व्याज तेवढंच मिळतं. गोची होते ती कमिशन एका वस्तूवर जास्त आणि दुसरीवर कमी असतं तेव्हा. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा देतो, वय १८ ते ५० मध्ये काढता येतो. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत अपघाताचा २ लाखांचा, वय १८ ते ७०. हे दोन विमे सांगायला घरी कोणी आलंय का कधी? चहा मागवून कोणी समजावलाय का? ज्यात विकणाऱ्याला जवळजवळ काही सुटत नाही, ते सांगायला कोणी उन्हातान्हाचं येत नाही.

आता हा हिशोब वहीत लिहून घ्या, कारण गटाच्या वहीत व्याज मांडणाऱ्या बाईला तो पाच मिनिटांत कळेल. एजंट म्हणतो, "ताई, महिन्याला फक्त २ हजार. वर्षाचे २४ हजार. २० वर्षांत भराल ४ लाख ८० हजार, आणि मिळतील ८ लाख ३० हजार. जवळजवळ दुप्पट!" ऐकायला छान वाटतं. पण वर्षाला शेकडा किती पडलं? पहिल्या वर्षीचे २४ हजार २० वर्षं राहिले, शेवटच्या वर्षीचे एकच वर्ष. सगळं मांडलं की हे वर्षाला शेकडा पाचच्या आतच बसतं. तेच २४ हजार दर वर्षी शेकडा ७ ने वाढले असते, तर २० वर्षांनी सुमारे साडेदहा लाख झाले असते. सात टक्के हा आकडा मी हवेतून आणलेला नाही. पोस्टातल्या आणि बँकेतल्या पीपीएफ खात्याला २०२० पासून कित्येक वर्षं ७.१ टक्के दर राहिला. फरक सव्वादोन लाखांचा. पॉलिसीत विम्याचं संरक्षणही असतं, ते मान्य. पण त्या संरक्षणासाठी सव्वादोन लाख मोजायचे का, हे आपण ठरवायला हवं, आणि ठरवायला आधी ते कोणीतरी सांगायला हवं. ज्याला पॉलिसीवर कमिशन आहे तो हे गणित मांडून दाखवेल अशी अपेक्षा धरणं म्हणजे बैल विकणाऱ्याला बैलाची खोड विचारण्यासारखं.

आता जो माणूस आपल्याकडून फी घेतो आणि कंपनीकडून काहीच घेत नाही, असा कोणी असतो का? असतो. सेबी ही शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिने २०१३ मध्ये नियम केले, त्यानुसार 'नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार' नावाची माणसं काम करतात. त्यांना परीक्षा द्यावी लागते, सेबीकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक आयएनए या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. ही अक्षरं लक्षात ठेवा. म्युच्युअल फंड विकणाऱ्याच्या कार्डावर मात्र एआरएन ही अक्षरं असतात. तोही कायदेशीर माणूस आहे, पण तो विक्रेता आहे. विक्रेत्याने स्वतःला 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार' किंवा 'वेल्थ सल्लागार' म्हणवून घेऊ नये असा नियम सेबीने २०२० मध्ये केला. तरी दुकानांवरच्या पाट्या आणि व्हॉट्सॲपवरची कार्डं बघा, सल्लागार जागोजागी आहेत. पाटीवर जाऊ नका, क्रमांकाची पहिली तीन अक्षरं बघा.

नोंदणीकृत सल्लागाराला एकाच कुटुंबाकडून सल्ल्याची फी आणि त्याच कुटुंबाला माल विकून कमिशन, असं दोन्ही घेता येत नाही. त्याने आपल्याशी लेखी करार करायचा असतो. आपलं उत्पन्न, कर्ज, जबाबदाऱ्या, किती जोखीम झेपेल, हे आधी विचारून लिहून ठेवायचं असतं. फी रोखीत घ्यायची नाही; चेक, बँक किंवा यूपीआयने घ्यायची, आणि फीला वरची मर्यादाही आहे. नफ्याची हमी त्याला देता येत नाही. आपले गुंतवणुकीचे पैसे त्याच्या खात्यातून जात नाहीत, ते आपल्या खात्यातून थेट फंडाकडे किंवा बँकेकडे जातात. असा माणूस बहुधा म्युच्युअल फंडाची 'डायरेक्ट' योजना सुचवतो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची अशी डायरेक्ट योजना असते, तिच्यात विक्रेत्याचं कमिशन नसतं. फंड तोच, माणसं तीच, खर्च कमी.

अडचण अशी की ही माणसं फार थोडी आहेत. सगळ्या देशात मिळून हजाराच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक मुंबई, पुणे, बंगळूरु अशा शहरांत. त्याउलट एकट्या एलआयसीचे एजंट तेरा लाखांच्या वर. म्हणजे आपल्या दारात विक्रेता येतो आणि सल्लागाराला आपल्याला शोधत जावं लागतं. पण आता पुष्कळ सल्लागार फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर काम करतात, त्यामुळे पुण्याला खेटे घालायचं कारण नाही. मराठी बोलणारा मिळेपर्यंत दोन-तीन ठिकाणी फोन करा.

शोधायचं कसं? सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी असते. त्यात गुंतवणूक सल्लागार हा भाग वेगळा आहे. नावावरून किंवा क्रमांकावरून शोधता येतं. गटातल्या एखादीची मुलगी कॉलेजला जात असेल तर तिला बैठकीत बसवा, ती फोनवर उघडून दाखवेल. नाव, क्रमांक, पत्ता सगळं कार्डाशी जुळतंय का बघा. आणि फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर. कार्डावरच्या किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबरवर करू नका, कारण खऱ्या सल्लागाराचं नाव आणि क्रमांक चोरून दुसराच कोणी बोलतो, असे प्रकार होतात.

नोंदणी आहे म्हणजे माणूस सज्जन आहे असं सेबीही म्हणत नाही. इंदूर शहरातल्या कितीतरी नोंदणीकृत सल्लागार संस्थांवर सेबीने कारवाई केलेली आहे. फोन करून नफ्याची खात्री द्यायची, एक फी घेतली की दुसऱ्या 'सेवे'ची मागायची, तोटा झाला की तो भरून काढण्यासाठी तिसरी, असे उद्योग चालत. म्हणून नोंदणी ही पहिली पायरी धरा. माणूस कसा आहे ते बोलण्यातून कळतं.

काय बोलायचं? मी तरी पहिला प्रश्न हाच विचारेन: "दादा, तुम्हाला पैसे कोण देतं, आणि माझ्याकडून या कामाचे एकूण किती घेणार?" सरळ माणूस आकडा सांगतो. वाकडा म्हणतो, "अहो ताई, पैशाचं काय घेऊन बसलात, आपले घरचे संबंध." मग विचारा की हे सगळं लिहून द्याल का. मग विचारा, यात काय वाईट होऊ शकतं, पैसे मधेच लागले तर काढता येतील का, आणि काढले तर किती कापतील. यावर जो सविस्तर बोलतो त्याच्याशी पुढे बोला. आणि एक बघा, तो आपल्याला किती विचारतो. घरावर कर्ज आहे का, मुलीचं शिक्षण कुठवर आलं, विहिरीचं काम राहिलंय का, हे न विचारता जो पहिल्या दहा मिनिटांत योजना सुचवतो, त्याला आपल्या घराशी काही देणंघेणं नाही. चांगला सल्लागार कित्येकदा पहिल्यांदा सांगेल की सावकाराचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज फेडा, मग गुंतवणुकीचं बघू. शेकडा २४ ने कर्ज चालू ठेवून शेकडा ७ ने ठेव ठेवण्यात काय हशील आहे, हे गटाच्या बायांना मी काय सांगणार.

आता फीचं. एका कुटुंबाचा पूर्ण आराखडा करायला दहा हजार आणि त्यापुढे मागणारे सल्लागार पुष्कळ आहेत. ऐकून छातीत धस्स होतं, मला माहीत आहे. आपण मांडववाल्याला आगाऊ देतो, वकिलाला तारखेगणिक देतो, पण नुसत्या बोलण्याचे पैसे द्यायचे म्हटलं की जीव वर-खाली होतो. माझं मत विचाराल तर असं: महिन्याला पाचशे-हजार बाजूला टाकणाऱ्या बाईला असा सल्लागार नको. तिने आधी गावाकडच्या खर्चाचे तीन-चार महिन्यांचे पैसे बँकेत ठेवावेत, ते ४३६ आणि २० रुपयांचे विमे काढावेत, पोस्टाची आरडी किंवा मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं उघडावं. याला कोणाच्या फीची गरज नाही. पण जमिनीचे, नवऱ्याच्या मृत्यूनंतर आलेल्या विम्याचे किंवा सासऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे पाच-दहा लाख एकदम आले असतील, तर दहा हजार फी ही १२ लाखांच्या शेकडा एकहूनही कमी पडते, आणि तीही एकदाच. चुकीच्या पॉलिसीत त्याच्या कितीतरी पट जातात.

फी परवडत नसेल तर फुकट विचारायच्याही जागा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने तालुक्यांच्या ठिकाणी आर्थिक साक्षरता केंद्रं चालतात, बँकांचीही असतात. तिथली माणसं कुठलीही योजना विकत नाहीत. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात विचारलं तर आपल्या तालुक्यातलं केंद्र कुठे आहे ते कळतं. 'उमेद'च्या सीआरपी ताई, 'माविम'च्या लोकसंचालित साधन केंद्रातल्या सहयोगिनी यांना गटात बोलवा. बँक सखीलाही विचारा, पण तिलाही विचारताना संकोच करू नका की "ताई, यात तुला काही मिळतं का?" काही कामांवर तिला कमिशन असतं, आणि ते सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.

विचारायला संकोच होतो, खरी अडचण इथेच आहे. आलेला माणूस अनोळखी असता तर आपण हुसकावून लावला असता. येतो तो भावकीतला, मुलाला शिकवलेले गुरुजी, नवऱ्याला अडल्या वेळी मदत केलेला. त्याला नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं म्हातारी माणसं म्हणायची. त्यावर एक उपाय काही गटांनी काढलाय, मला तो फार आवडला. घरी आलेल्याला तिथल्या तिथे सही द्यायचीच नाही. "भाऊजी, कागद ठेवून जा, गटात विचारून सांगते," एवढंच म्हणायचं. आपण नेहमी "घरात विचारून सांगते" म्हणतो, आणि मग घरातलेच भिडेला बळी पडतात. गटाला कोणाची भीड नसते. कागद बैठकीत वाचायचा, ज्या ओळी कळत नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि त्या ओळी समजावायला त्याच माणसाला बैठकीला बोलवायचं. दहा बायांसमोर येऊन बोलायला चांगला एजंट तयार होतो. त्याला दहा गिऱ्हाइकं दिसतात. ज्याला भीती असते तो म्हणतो, "योजना आज संध्याकाळी बंद होतेय, उद्या मिळणार नाही." अशी खरोखर आज संध्याकाळी बंद होणारी चांगली योजना माझ्या पाहण्यात नाही.

विम्याचा कागद असेल तर त्यासोबत 'बेनिफिट इलस्ट्रेशन' नावाचं कोष्टक मागा. हमी नसलेला भाग ४ टक्के आणि ८ टक्के दर धरून किती होईल, हे त्यात दाखवलेलं असतं. एजंट तोंडाने बहुतेक वेळा आठाचाच आकडा सांगतो. हप्ता किती वर्षं भरायचा तो रकाना बोट ठेवून वाचा. "साहेब म्हणाले एकदाच भरायचे" म्हणून २ लाख भरले आणि पुढच्या वर्षी पुन्हा २ लाखांची नोटीस आली, अशी फसगत बँकेच्या खुर्चीवर बसून होते. मधेच थांबलं तर भरलेल्यातले बरेच हातचे जातात. शिवाय आपण मराठीत सही केली किंवा अंगठा दिला, तर "यांना मजकूर समजावून सांगितला" असं दुसऱ्या एकाने लिहून द्यावं लागतं. ती सही कोणी केली आहे, आणि त्याने खरंच समजावलं का, तेही बघा. कर्ज हवं असेल तर पॉलिसी घ्यावीच लागेल, लॉकर हवा तर घ्यावीच लागेल, असं बँकेत कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. ते लेखी मिळत नाही, कारण तसा नियम नाही.

आता तिसरा पाहुणा, पतसंस्थेवाला. "बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देतो." बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या म्हणजे बँका नव्हेत, त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत आपल्याकडे, मी सगळ्यांना एका तागडीत तोलत नाही. पण पाटीवर 'शाखा' लिहिलेली, आत काउंटर, काच, एसी बघून बाया तिला बँक समजतात. जास्तीचे दीड टक्के हे तो विमा सोडून देण्याचे आहेत, हे माहीत असून ज्यांना ठेवायचे त्यांनी ठेवावेत. सगळी जमिनीची रक्कम तिथे ठेवू नये.

आणि "महिन्याला शेकडा पाच" देणारे? आपल्या गटाचंच बघा. शेकडा दोनने अंतर्गत कर्ज दिलं तरी वसुलीला दारोदार फिरावं लागतं. मग हा महिन्याला पाच कुठून आणतो? एक लाख घेतले आणि दरमहा पाच हजार दिले, तर पहिले २० महिने तो आपलेच पैसे आपल्याला परत देत असतो. तेवढ्यात आपण खूश होऊन बहिणीचे, नणंदेचे पैसे आणून देतो. पीएसीएल कंपनीचं नाव तुमच्यातल्या अनेकींना आठवेल, गावोगाव तिचे एजंट होते. जमिनीच्या नावावर तिने सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले होते. सेबीने २०१४ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला लावली, आणि मग छोट्या रकमांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने परतफेड सुरू झाली. त्यात अस्सल प्रमाणपत्रं मागितली गेली. ज्यांनी ती एजंटाकडे परत देऊन टाकली होती त्यांची पंचाईत झाली. तिथे एजंट कोण होते? शेजारी, नातेवाईक, शाळेतले मास्तर. त्यांनी स्वतःचेही पैसे घातले होते. म्हणजे माणूस ओळखीचा आहे आणि मनाने खरा आहे, एवढ्यावर पैशाची खात्री होत नाही. अशा कंपन्या भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावतात. ते बहुतेक वेळा फक्त कंपनी स्थापन झाल्याचं असतं. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी वेगळी असते, ती कोणी दिली ते विचारा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर, ठेवी घ्यायला कोणाला परवानगी आहे ते बघता येतं आणि तक्रारही करता येते.

कोणाचाही सल्ला घेतला तरी काही गोष्टी आपल्या हातातच ठेवायच्या. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. चेक कंपनीच्या, फंडाच्या किंवा बँकेच्या नावाचा, माणसाच्या नावाचा नाही. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, सल्लागारालाही नाही. फॉर्मवर मोबाइल नंबर आपलाच लिहायचा. एजंट स्वतःचा लिहितो आणि मग सगळे निरोप त्यालाच जातात, आपल्याला काही कळत नाही. अस्सल कागद आपल्या पेटीत, फोटो मुलीच्या फोनमध्ये.

पॉलिसी घेऊन टाकलीच असेल आणि आता पटत नसेल, तर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडा खर्च कापून हप्ता परत मिळतो. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. एजंटाच्या हातात देऊन "मी करतो" यावर विसंबू नका, त्याचं कमिशन त्यात गुंतलेलं असतं. दिवस मोजता यावेत म्हणून पॉलिसी आलेलं पाकीट तारखेसकट जपून ठेवा.

आता नंबर सांगते, पेन घ्या. विम्याच्या तक्रारीसाठी १५५२५५. बँकेच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८. सल्लागार, म्युच्युअल फंड, शेअर यांच्यासाठी सेबीचा १८०० २६६ ७५७५, यावर मराठीतही बोलता येतं. फोनवरून पैसे काढले गेले असतील तर ताबडतोब १९३०, त्यात पहिला तास-दोन तास फार महत्त्वाचे. बैठकीच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर हे चारही नंबर लिहून ठेवा.

पुढच्या वेळी नॉमिनी आणि वारस यातला फरक घेऊ. त्याआधी प्रत्येकीने आपल्या पासबुकवर नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लागलंय ते बघून ठेवा, काहींचं अजून सासूबाईंच्याच नावावर असेल.